सायकलला मोटर लावायच्या आधी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या सायकलला बसवलेल्या किटबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, पुढच्या चाकात २५० वॅटची मोटर आणि बॅटरी, एवढंच. त्यावर पत्रं इतकी आली की या महिन्याचा अख्खा कॉलम त्यालाच देतोय. बरेचसे प्रश्न सारखे होते म्हणून पाचच निवडले. पहिल्याचं उत्तर लांबलंय, पण तो प्रश्नच तसा आहे.

दादा, मी सांगलीवाडीला राहतो आणि कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. जाऊन येऊन १८ किलोमीटर पडतं. घरी वडिलांची जुनी २२ इंची काळी सायकल आहे, दांड्यांचे ब्रेक, फ्रेम एकदम ठणठणीत. वडील आता नाहीत. तिलाच किट लावावं असं मनात आहे. चाकासकट येणारं २५० वॅटचं किट बघून ठेवलंय. लागेल का, आणि बॅटरी किती मोठी घेऊ?
— एक वाचक, सांगलीवाडी

लागेल. पण मोटरचं नंतर बोलू, आधी ब्रेकचं, कारण तुमचं पत्र वाचताना मी त्या 'दांड्यांचे ब्रेक' वर येऊन थांबलो. ही सायकल बनली ती ताशी बारा-पंधराच्या चालीसाठी. मोटर लागली की तुम्ही पहिल्या दिवसापासून २५ नं जाणार, कळणारपण नाही इतकं सहज. आता १५ चं २५ झालं म्हणजे वेग दीडपटीच्या थोडा वर गेला असं वाटतं, पण ब्रेकला जी ताकद जिरवावी लागते ती वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट. शिवाय मोटर-बॅटरीचं सहा-सात किलो वजन वाढलेलं. दांडीचा ब्रेक रिमला आतल्या बाजूनं दाबतो, रिम लोखंडी आणि वर चकचकीत मुलामा, कोरड्या रस्त्यावर चालतं, पण रिम ओली झाली की रबर नुसतं घसरत राहतं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाच्या अशाच सायकलला आम्ही घरीच किट लावलं आणि ब्रेक 'नंतर बघू' म्हणून जुनेच ठेवले. जूनचा पहिला पाऊस, कॉलेज कॉर्नरजवळ समोरची रिक्षा थांबली आणि यानं दोन्ही ब्रेक पूर्ण आवळूनसुद्धा सायकल थांबली नाही. मनगट मोडलं, दीड महिना प्लास्टर. त्या दिवसापासून मला कुणी किटबद्दल विचारलं की मी पहिलं ब्रेकचं विचारतो, आणि ज्यांचं बजेट कमी आहे त्यांना सांगतो की मोटर सहा महिने उशिरा घ्या पण पुढचा ब्रेक आज बदला.

तुमच्या सायकलला काय करायचं तर पुढचा पूर्ण चिमटाच, म्हणजे चाक धरणारा दुहेरी दांडाच, बदलायचा. व्ही-ब्रेकचे (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे केबलचे ब्रेक) खुंट असलेला साधा लोखंडी चिमटा घ्या, शॉकअपवाला नको आणि ॲल्युमिनियमचा तर अजिबात नको. जुना चिमटा काढून सोबत घेऊन जा आणि वरच्या नळीची लांबी आणि आटे त्याच्याशी जुळवून घ्या, नाहीतर घरी आल्यावर कप-कोन बसत नाहीत आणि परत फेरी. मोटरचं चाक आणि चिमटा एकाच मापाचे पाहिजेत. मागचं चाक २८ चं आहे तर पुढं त्याच्या जवळचं ७०० सी घ्या. २८ च्या चिमट्यात २६ चं चाक घातलं तर ब्रेकचं रबर रिमपर्यंत पोचतच नाही. मागचा दांडीचा ब्रेक आहे तसा राहू दे, पुढच्याची दांडी सोडवून ठेवा आणि हँडलला किटमधला केबलचा लिव्हर लावा. त्या लिव्हरमध्ये स्विच असतो, ब्रेक दाबला की मोटर बंद होते. तो स्विच जोडायचाच. मेकॅनिक म्हणतात एक वायर कमी केली तरी चालते, ऐकू नका.

काही जण सुटी मोटर घेऊन जुन्याच रिममध्ये स्पोक गुंफायला जातात. तुमच्या रिमला पुढं ३२ आणि मागं ४० भोकं असणार, मोटरला बहुतेक ३६ असतात, त्यामुळे ते गणित बसत नाही. आणि दांडी-ब्रेकच्या रिमची कड गोलसर असते, तिला व्ही-ब्रेक नीट धरतच नाही. चाकासकट किट बघितलंय ते बरोबर केलंत.

आता एक्सल. साध्या चाकाचा एक्सल नुसता वजन पेलतो. मोटरच्या चाकाचं उलटं असतं, मोटर चाकाला पुढं फिरवते तेव्हा तेवढाच जोर लावून ती एक्सलला मागं फिरवायला बघते. एक्सलच्या दोन बाजू चपट्या केलेल्या असतात, अंतर १० मिलिमीटर, आणि चिमट्याच्या खाचेत त्या चपट्या बाजू अडकल्या आहेत एवढ्याच आधारावर सगळं उभं असतं. चढावर २५० वॅटची गिअरवाली मोटर ३०-४० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, तो त्या १० मिलिमीटरवर आला की हिशेबानं तीनशे-चारशे किलोचा जोर होतो. नट थोडा जरी ढिला असला तरी खाच फाकते, एक्सल गरकन फिरतो, वायर पिळवटून तुटते आणि चाक निसटतं, तेसुद्धा पुढचं. म्हणून टॉर्क आर्म पाहिजेच, म्हणजे १० मिमीची खाच असलेली पोलादी पट्टी, एक टोक एक्सलवर आणि दुसरं चिमट्याच्या दांडीला पट्ट्यानं घट्ट. किटमध्ये येते ती बऱ्याचदा पातळ असते. तुम्ही कुपवाडलाच आहात, तिथं लेझर कटिंगच्या एखाद्या शेडमध्ये ६ मिमी प्लेटमधून दोन कापून घ्या, दोन्ही बाजूंना लावा. माप एक्सल हातात घेऊन व्हर्नियरनंच घ्या, अर्धा मिलिमीटर सैल झाली की त्या पट्टीचा उपयोग निम्मा गेला. चिमट्याची खाच लहान पडली तर कानस चालवायची, पण दोन्हीकडं सारखी आणि गरजेपुरतीच. पन्नास किलोमीटर झाले की नट परत आवळा.

पेडल मारलं की मोटर चालू व्हावी यासाठी चुंबकांची एक चकती बीबीच्या, म्हणजे पेडलचे दांडे (क्रँक) ज्यावर बसतात त्या, एक्सलवर बसते. तुमच्या सायकलला कॉटर पिनवाले क्रँक आहेत, जुनी पिन ठोकून काढताना वाकते म्हणून नवी आणून ठेवा, नाहीतर दोन तुकड्यांत उघडणारी चकती मागवा, मग क्रँक काढावाच लागत नाही.

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर म्हणजे ३६०. थोडं पेडल मारत सपाट रस्त्यानं गेलात तर किलोमीटरला १० ते १५ वॅट-अवर लागतात, आपण १२ धरू, १८ किलोमीटरला २१६. बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी करायची नाही, ८० टक्केच वापरायची, म्हणजे हाताशी २८८ राहतात. दोन-तीन वर्षांनी ती थकली तरी तुमचं जाणं-येणं भागेल. त्यापेक्षा मोठी घेऊन वजन आणि पैसे वाढवू नका. लेड-ॲसिड स्वस्त पडते म्हणून १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या जोडायचा मोह होतो, पण त्या ७ अँपिअर-अवरच्या तीन घेतल्या तरी सहा-सात किलो होतात, त्यातली अर्धीच ताकद नीट वापरता येते आणि रोज खोलवर उतरवल्या तर वर्षभरात मरतात. लिथियमच घ्या. त्यातही फॉस्फेटवाली मिळाली तर ती थोडी जड असते पण उन्हाला जास्त दमदार आणि जास्त वर्षं जाते, आपल्या एप्रिल-मेला तीच बरी. फक्त चार्जर तिचाच पाहिजे. साधी ३६ ची लिथियम-आयन ४२ व्होल्टला भरते, बारा सेलची फॉस्फेट ४३.८ ला. चार्जरची अदलाबदल कधीच करू नका. कामावर सायकल पत्र्याच्या शेडखाली तापत असेल तर बॅटरी काढून आत न्या, आणि घरी आल्या आल्या गरम असताना चार्जिंगला लावू नका, तासभर निवू द्या.

शेवटचं, वडिलांच्या फ्रेमला कुठंही भोक पाडू नका, वेल्डिंग नको. वर सांगितलेलं सगळं नट-बोल्टनं लागतं आणि नट-बोल्टनं निघतं. जुना चिमटा, पुढचं चाक आणि दांडी ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवा. उद्या मनात आलं तर एका दुपारीत सायकल वडिलांनी ठेवली होती तशी परत होईल.

नमस्कार, मी साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूला राहते, पोवई नाक्याजवळच्या दवाखान्यात नर्स आहे. सकाळी जाताना उतार, पेडल मारावंच लागत नाही, पण ड्युटी संपवून येताना चढ, तेव्हा पायात त्राण नसतं, निम्मा रस्ता सायकल ढकलत येते. लेडीज सायकल आहे, गिअर नाहीत, ब्रेक साधे केबलचे. अंतर कमी आहे, चढ जास्त. कोणती मोटर घेऊ? आणि उतारावर बॅटरी चार्ज होते म्हणतात ते खरं का?
— एक वाचक, सातारा

ताई, तुमच्यासाठी गिअरवाली हब मोटर, ३६ व्होल्ट २५० वॅट. हब मोटर म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी, तिच्या दोन जाती. एक बिनगिअरची, वजनाला चार-पाच किलो आणि वर, तिच्यात चुंबक आणि तारा थेट चाक फिरवतात. दुसरीच्या पोटात छोटे दातेरी चक्र असतात, मोटर आत जोरात फिरते आणि चाक सावकाश पण ताकदीनं फिरतं, वजन दोन-तीन किलो. चढाला ही दुसरीच. उतारावर चार्जिंग फक्त बिनगिअरच्या मोटरमध्ये होऊ शकतं, गिअरवालीत आत फ्रीव्हीलसारखी सोय असते त्यामुळे चाक मोटरला उलट फिरवतच नाही. तसंही तुमच्या अंतराला त्यातून हाती काय येणार, त्यासाठी रोज जादा वजन चढावर ओढण्यात अर्थ नाही.

चढाचा हिशेब सांगते तो ऐका असं माझी बायको म्हणते, ती फिजिक्स शिकवते, आणि हा हिशेब तिचाच. तुम्ही, सायकल, डबा, पिशवी मिळून ९० किलो धरा, ५ टक्क्यांचा चढ, म्हणजे १०० मीटर जाताना ५ मीटर वर, आणि चाल ताशी १२. नुसतं वर चढायला जवळपास १५० वॅट लागतात, रस्त्याचं घर्षण वेगळं. २५० ची मोटर हे करते. चढ ८-१० टक्क्यांवर गेला की मोटर एकटी पुरत नाही, तिथं पाय चालवायचेच. हब मोटरचं एक लक्षात ठेवा, तिची चाल फार पडली, ताशी आठ-दहाच्या खाली, की बॅटरीतली वीज चाक फिरवण्याऐवजी मोटर तापवण्यात जाते. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच पेडल धरायचं, थांबून मग नाही. मागचं फ्रीव्हील १८ दात्यांचं असेल तर २२ चं घाला, तेवढ्याच चढाला पायावरचा जोर साधारण पाचव्या हिश्शानं उतरतो आणि खर्च अगदी किरकोळ. खरं तर हे मोटरच्या आधी करून बघा.

मोटर पुढं लावायची की मागं? चढावर वजन मागं सरकतं म्हणून मोटर मागं असलेली चांगली, पण मागच्या मोटरला १३५ मिमी जागा लागते आणि लेडीज सायकलच्या मागच्या चिमट्यात ती नसते, फाकवून बसवतात ते मला पटत नाही. चिमटा लोखंडी असेल तर पुढं लावा, दोन्ही बाजूंना टॉर्क आर्म (वरच्या उत्तरात सविस्तर आहे), आणि बॅटरी पुढच्या बास्केटखाली, म्हणजे पुढच्या चाकावर वजन राहतं. पावसात चढावर थ्रॉटल एकदम पिरगाळू नका, पुढचं चाक जागेवर फिरतं. तुमच्या अंतराला ७ किंवा ८ अँपिअर-अवरची बॅटरी भरपूर झाली. आणि उतार रोजचा आहे, तेव्हा ब्रेकची रबरं दर दोन-तीन महिन्यांनी बघा, रिमवर काळं पाणी ओघळताना दिसलं की रबर झिजतंय.

साताऱ्याहून आणखी दोघांनी कासला जाता येईल का विचारलंय. सातारा ७०० मीटरच्या वर, कास पठार साधारण १२००. एवढी चढण सलग, एका गिअरच्या सायकलवर हब मोटरनं केली तर मोटर चटके बसण्याइतकी तापेल आणि आतले नायलॉनचे दाते जातील. त्याला गिअरची सायकल आणि बीबीत बसणारी मिड मोटर पाहिजे, ती सायकलचेच गिअर वापरते. यवतेश्वरचा घाट उतरताना तर डिस्क ब्रेक हवेतच.

नदीकाठी राहतो. २०१९ ला आणि २०२१ ला दोन्ही वेळा घरात पाणी आलं. ई-सायकल घ्यायची तर पुरात बॅटरीचं काय करायचं? आणि रोजच्या पावसात चालते का?
— एक वाचक, सांगली, गावभाग

रोजच्या पावसात चालते, पण कंट्रोलर (बॅटरीतली वीज मोटरला मोजून सोडणारा डबा) उघडा ठेवू नका आणि प्रत्येक वायर जोडाच्या आधी खाली झोका घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे पाणी त्या झोक्याच्या तळाला ठिबकतं, जोडात शिरत नाही. एक्सलमधून निघणारी वायरपण तशीच खाली वळवा. सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरचा पाइप मोटरवर मारू देऊ नका.

पुराचं मात्र मनापासून सांगतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ४० फुटांवर आलं की इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. ४० ची वाट बघू नका, पाणी चढतंय असं ऐकलं की त्याच दिवशी बॅटरी काढून कागदपत्रांच्या पिशवीसोबत ठेवा. अर्धी भरलेली असली तर उत्तम, लांब ठेवायला लिथियमला तेच मानवतं. सायकल बुडली तर बुडू दे, मोटर उघडून बेअरिंग बदलून, वाळवून बऱ्याचदा परत चालते.

आणि बॅटरी बुडालीच तर ती गेली असं समजा. पुसून, उन्हात वाळवून चार्जिंगला लावायची नाही. पुराच्या पाण्यात गाळ आणि क्षार असतात, ते आतल्या सर्किटवर आणि सेलच्या जोडांवर बसतात, आणि शॉर्ट लगेच नाही तर चार-आठ दिवसांनी, रात्री सगळे झोपलेले असताना होऊ शकतो. लिथियमची आग घरातल्या बादलीनं विझत नाही. भिजलेली बॅटरी घराबाहेर, गाड्यांपासून लांब, उघड्यावर ठेवा आणि बनवणाऱ्याकडं परत द्या. फुगलेली दिसली, वास आला, फुसफुस आवाज आला तर जवळ जाऊ नका. पूर ओसरल्यावर माणसं आधीच खचलेली असतात, दहा-पंधरा हजारांची वस्तू फेकायला हात धजत नाही, मला कळतं. तरी पण नको.

सायकलच्या डायनामोवर बॅटरी चार्ज करत राहिलं तर चार्जिंगचा खर्चच वाचेल ना? एका व्हिडिओत दाखवलंय.
— एक विद्यार्थी, इस्लामपूर

नाही रे. साधा डायनामो ६ व्होल्ट ३ वॅटचा. ३६० वॅट-अवरची बॅटरी भरायला त्याला १२० तास लागतील, तेही काहीच वाया गेलं नाही असं धरून, आणि तो फिरवायचा जोर तुझ्याच पायातून किंवा त्याच बॅटरीतून येणार. भिंतीतल्या प्लगवर पूर्ण चार्जिंगला अर्ध्या युनिटच्या आत वीज जाते. वाचवायचं तर टायरमध्ये हवा पूर्ण ठेव, त्यानं खरंच फरक पडतो.

सर, मुलगा अकरावीत आहे, मिरजेहून सांगलीला कॉलेजला जातो. त्याला १००० वॅट ४८ व्होल्टचं किट पाहिजे, ४५ चा स्पीड देतं म्हणे. विकणारा सांगतो सायकलच आहे, लायसन लागत नाही. अभ्यास सोडून दिवसभर वायरी घेऊन बसतो. काय करू?
— एक पालक, मिरज

१००० वॅटचं घेऊ नका, आणि विकणाऱ्याचं म्हणणं चूक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम २(यू) सांगतो की बॅटरीवरची सायकल 'मोटार वाहन' धरली जात नाही ती काही अटींवर. मोटरची ताकद २५० वॅटच्या आत, वेग २५ च्या आत, पेडलला मदत करणारी असेल तर २५ ला पोचल्यावर किंवा पेडल थांबल्यावर मोटर बंद, बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. शिवाय तपासणी संस्थेनं मान्य केलेली असावी ही अट त्यात आहे, पुण्याची एआरएआय ही तशी एक संस्था. म्हणून २५० चं किट घेतानाही विक्रेत्याकडं त्या मान्यतेचा कागद मागा. १००० वॅटला तर हा विषयच येत नाही, ते सरळ मोटार वाहन, म्हणजे नोंदणी, विमा, लायसन सगळं आलं. काही झालं तर विमा नाही आणि जबाबदारी पालक म्हणून तुमच्यावर. ४५ च्या वेगात सायकलचे स्पोक, टायर, ब्रेक यातलं काहीच त्या कामाचं नसतं, ते वेगळंच.

पण वायरी घेऊन बसतो याची काळजी करू नका. आपल्या जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी ज्यांनी वसवली त्या लक्ष्मणरावांचं सुरुवातीचं दुकान सायकलचंच होतं, १८८८ साली, बेळगावात. पोराला २५० चं किट आणून द्या आणि त्यालाच बसवू द्या, फक्त बॅटरी तयार पॅकचीच घ्या, सेल जोडून घरी बनवू देऊ नका. हेल्मेट किटच्याच दिवशी घ्या. बसवून झालं की रस्त्यावर न्यायच्या आधी मोकळ्या मैदानावर २५ च्या वेगात आणून ब्रेक मारायला लावा, कोरड्या रिमवर थांबायला लागतं त्याच्या दुप्पट अंतरावर खडूनं रेघ आखा, दहा वेळा, त्यातले पाच वेळा रिमवर बाटलीनं पाणी ओतून. ओल्या रिमला कोरड्याच्या दुप्पट अंतर लागलं तर रबरं बदला आणि परत मोजा, रेघेच्या आत थांबायला लागला की मग कॉलेजला जाऊ दे.